खडूने गाडी काढून बघा

पत्र:

"अक्का, मी ५१ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर सोलापुरात भवानी पेठेत आणि शाळा अक्कलकोट रोडला वळसंगच्या पुढे, रोज जाऊन-येऊन ५२ किलोमीटर. आजवर एसटी, वडाप आणि स्कूटी यांवर निभावलं. यांना डोळ्यांच्या त्रासामुळे गाडी चालवता येत नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघे गेलेत. आता आठ लाख जमलेत, उरलेलं कर्ज काढीन. पण आयुष्यात एकच गाडी होईल माझी. पैसा तेवढाच, दारात जागा तेवढीच आणि नोकरीची वर्षंही तेवढीच राहिलीत. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, छोटी ऑटोमॅटिक घे, नाहीतर इलेक्ट्रिक घे. भाऊ म्हणतो, या वयात कशाला, लागेल तेव्हा भाड्याने कर.

मला जीप हवी आहे. शोरूमच्या काचेत लाल थार उभी असते. गोल दिवे, रुंद टायर. तीन महिने येता-जाता बघते आहे. माझ्या वडिलांची जीप होती, मंगळवेढ्याला. हुरड्याच्या दिवसांत आम्हा सगळ्यांना शेतात न्यायचे. मी पुढे डावीकडे बसायची, समोरच्या दांडीला धरून. गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंनी ज्वारी लागायची, कणसं अगदी डोळ्यांसमोर. दादाला त्यांनी मिसरूड फुटायच्या आत गाडी शिकवली. मला कधी हातात दिली नाही. हे घरी सांगितलं की सगळे हसतात. अक्का, मी काय करू? — एक बाई, भवानी पेठ"

प्रिय बाई,

तुमच्या पत्रात दोन जीप आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय का?

एक लाल आहे. ती काचेच्या आत आणि तुम्ही बाहेर रस्त्यावर. तिचा रंग तुम्ही लिहिलात, दिवे लिहिलेत, टायर लिहिलेत. दुसरी तुमच्या वडिलांची. तिचा रंग पत्रात कुठेच नाही, कारण तुम्ही त्या गाडीच्या आत होतात आणि आत बसलेल्याला गाडीचा रंग दिसत नाही. त्याला रस्ता दिसतो, काचेवरची धूळ दिसते, दोन्ही अंगांची ज्वारी दिसते. तुम्ही तेच लिहिलंत.

"एकच गाडी घ्यायची झाली तर कुठली?" असं मला कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: मनात ती गाडी येते तेव्हा तुम्ही कुठे असता? बाहेर उभे राहून तिच्याकडे बघत असता, की आत बसून समोर बघत असता? बाहेरून दिसणारी गाडी वाईट असते असं नाही. पण तिची हौस दुसऱ्यांच्या डोळ्यांवर चालते. गल्लीतल्या लोकांना ती सवयीची झाली की आपल्यालाही होते, आणि हप्ता मात्र चालूच राहतो. आतून दिसणारी गाडी वर्षानुवर्षं पुरते. म्हणून घरचे कितीही हसले तरी तुमची जीप मला खरी वाटते. ती चाळीस वर्षं टिकली आहे की हो.

आणखी एक. तुमच्या आठवणीत तुमची जागा डावीकडची आहे. तुम्हाला फक्त दोन फूट उजवीकडे सरकायचंय. जीप त्या इच्छेबरोबर आली, कारण तुमच्या घरी तेव्हा जीप होती. वडिलांकडे ट्रॅक्टर असता तर आज तुम्ही मला ट्रॅक्टरचं विचारलं असतं. हे एवढ्यासाठी सांगते की गाडीचं नाव आधी ठरवू नका. आधी सरकायचं काम करा, म्हणजे लायसन्स.

तुमच्याकडे स्कूटीचं लायसन्स असेल. त्यात चारचाकी वाढवून घ्यावी लागेल. लर्निंग निघालं की ते ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. चाळिशीच्या वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, नमुना १अ म्हणतात त्याला. त्या निमित्ताने डोळे नीट तपासून घ्या. तुमच्या वयात बहुतेकांना जवळ-लांबचा एकत्र चष्मा असतो, आणि आरशात बघून लगेच समोर बघताना त्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो. ड्रायव्हिंग स्कूलची छोटी गाडी असते, तिच्यावरच शिका. क्लच सोडायला पाय शिकला पाहिजे, तो कुठल्याही गाडीवर शिकतो. महिनाभर शिकवणी झाली की आणखी एक महिना कुणा जाणत्याला शेजारी बसवून सकाळी सहाला बाहेर पडा. होटगी रोड त्या वेळी मोकळा असतो. मग सात रस्ता. मग एकदा भर संध्याकाळी नवी पेठ. नवी पेठेतून गाडी न खरचटता बाहेर काढलीत तर तुम्हाला कुठेही नेता येईल.

हे सगळं होईपर्यंत शोरूममध्ये पाऊल टाकू नका. तिथे गेलं की सही होते.

आता माझ्या घरचं सांगते, कारण पुढचं जे सांगणार आहे त्याचा त्याच्याशी संबंध आहे. माझे वडील सोलापूर ते अक्कलकोट वडाप चालवायचे. कमांडर जीप. तुमच्याच रस्त्यावर. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. मागे समोरासमोरच्या बाकांवर माणसं, टपावर भाजीची डालगी आणि इंजिनची धग पुढच्या फळीतून अशी यायची की उन्हाळ्यात पायातली चप्पल मऊ पडायची. पावसाळ्यात बाजूचे ताडपत्रीचे पडदे सोडले की आत सगळा डिझेलचा आणि ओल्या घोंगडीचा वास. मला तो वास आजही आला तर मी थांबते.

ती जीप हप्त्यावर होती. दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही, खेड्यातलं माणूस शहरात यायचं कमी झालं, तीन हप्ते थकले, आणि एका सकाळी स्टँडजवळूनच गाडी ओढून नेली. वडील दुपारी चालत घरी आले. हातात टॉवेलात बांधलेला पान्यांचा संच आणि डॅशबोर्डवरचा स्वामींचा फोटो. फोटोच्या मागची चिकटपट्टी निघाली होती, तिच्यावर गाडीच्या हिरव्या रंगाचा पापुद्रा आला होता. आईने फोटो देवघरात ठेवला, पण मागचा तो पापुद्रा काढला नाही. वडिलांनी नंतर कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यांची हमाली केली. गाडी कधी चालवली नाही.

म्हणून हप्त्याबद्दल मी कडक आहे, राग मानू नका.

तुम्हाला ५८ ला निवृत्ती, म्हणजे सात वर्षं. बँक तुम्हाला आनंदाने सात वर्षांचं कर्ज देईल. ते घेऊ नका. समजा ६ लाख काढले आणि व्याज साडेनऊ टक्के धरलं, तर सात वर्षांसाठी हप्ता साधारण ९,८०० रुपये बसतो आणि एकूण ८ लाख २४ हजारांच्या आसपास भरावे लागतात. पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता १२,६०० च्या घरात, एकूण साडेसात लाखांच्या थोडं वर. म्हणजे ६८ हजार रुपये वाचतात आणि शेवटची दोन वर्षं पूर्ण पगार हातात राहतो. त्या दोन वर्षांत सासूबाईंचं काही निघालं, मुलाचं लग्न निघालं, तर तुम्ही मोकळ्या असाल. बँकेचा दर थोडा इकडेतिकडे असेल, तर आकडे त्याप्रमाणे बदलतील, पण तिढा हाच राहील.

आणि हप्त्याची तालीम आधी करा. ज्या महिन्यात लर्निंग काढाल त्याच महिन्यापासून १२,६०० रुपये दर एक तारखेला वेगळ्या खात्यात टाका. सहा महिने. त्यात पेट्रोलचे अजून धरलेलेच नाहीत, तेही धरा. शाळेचे दिवस साधारण २२० म्हटले तर वर्षाला साडेअकरा हजार किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर दिले तर महिन्याला साठ-पासष्ट लिटर लागेल. सहा महिन्यांत एकदाही त्या खात्याला हात लावावा लागला नाही, तर गाडी तुमची. दोनदा लावावा लागला, तर गाडी एक वर्ष पुढे ढकला. वर्षाने काही बिघडत नाही. शिवाय तेवढे पैसे हातात जमलेले असतील ते वेगळेच.

गाडीत पैसा राहतो, असंही कुणी सांगेल. नाही राहत. विम्याच्या हिशोबात गाडीची किंमत वर्षाच्या आत १५ टक्क्यांनी खाली धरतात आणि पाच वर्षं होईपर्यंत निम्मी. ही हौस आहे, आणि मला हौसेबद्दल आदर आहे. पण तिला गुंतवणूक म्हणायचं नाही.

भावाचं म्हणणं लवकर निकालात काढते. भाड्याची गाडी तुळजापूरला जायला ठीक, पंढरपूरला जायला ठीक. रोज ५२ किलोमीटर शाळेला जायला कोण भाड्याने करतं? तुमचा भाऊ वर्षातल्या दहा दिवसांचा विचार करतोय, तुम्ही दोनशेवीस दिवसांचा.

मुलाचं म्हणणं मात्र वजनदार आहे. ५२ किलोमीटर रोजचे ठरलेले, रात्री घरी चार्जिंगला लावायची, सकाळी भरलेली. खर्चाच्या हिशोबाने इलेक्ट्रिकच्या जवळपासही दुसरं काही येत नाही. तुम्ही जर मला विचारलं असतं की "शाळेत जायला स्वस्तातली गाडी कुठली", तर मी त्याचंच नाव पुढे केलं असतं. पण तुम्ही ते विचारलेलं नाही. त्याने तुमचा रस्ता बघून गाडी निवडली, आणि तुम्ही त्याला जीपबद्दल हसत हसत सांगितलं असणार, म्हणून त्यालाही ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. त्याला हे पत्र दाखवा. छापलेलं वाचलं की पोरं जरा गंभीर होतात.

आता गाडी.

तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्याकडे खडू आहे. एका रविवारी दुपारी, गल्लीत वर्दळ नसताना, तुमच्या दारासमोर गाडी काढा. थारसाठी १३ फूट लांब आणि ६ फूट रुंद असा चौकोन. खरंच काढा, मनातल्या मनात नको. मग तो चौकोन गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत कसा येईल ते चालत बघा. कुणाची पायरी पुढे आलीय, कुठे नळाचं पिंप असतं, कुठे शेजारची मोटारसायकल तिरकी लागते. भवानी पेठेतल्या गल्ल्या मला माहीत आहेत. काही ठिकाणी समोरून हातगाडी आली तरी एकाला मागे सरावं लागतं. तुमच्या फाटकाची रुंदी तुम्ही लिहिली नाही. आपण ७ फूट धरू. थारचं अंग १,८२० मिलिमीटर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच उरतील, आरसे मिटून. बोलेरोचं १,७४५, तिला साडेसात इंच. मारुतीच्या जिम्नीचं १,६४५, तिला साडेनऊ. हे इंच तुम्हाला आज किरकोळ वाटतील. दिवसभर चाळीस पोरांना शिकवून, ५२ किलोमीटर करून, अंधार पडताना फाटकातून गाडी आत घालायची असेल तेव्हा त्या तीन इंचांची किंमत कळेल.

दुसरी परीक्षा सासूबाईंची. त्यांना शोरूममध्ये घेऊन जा, त्या रोज नेसतात ती साडी नेसूनच. प्रत्येक गाडीत तीनदा चढायला आणि तीनदा उतरायला सांगा. एकदा चढणं कुणीही जमवतं. तिसऱ्यांदा उतरताना त्यांचा हात कुठे जातो ते बघा. दाराच्या वरच्या कडीला गेला तर बरं, तुमच्या खांद्यावर गेला तर ती गाडी त्यांच्यासाठी उंच आहे. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. सासूबाईंना ते जमणार नाही, त्यांना पुढेच बसवावं लागेल आणि यांना मागे शिरावं लागेल. ते कबूल असेल तर हरकत नाही, पण आधी यांना विचारा. पाच दारांची थार रॉक्स २०२४ मध्ये आली, तिच्यात ही अडचण नाही. पण ती साडेचौदा फूट लांब आणि आणखी रुंद. तुमच्या गल्लीत मला ती दिसत नाही.

तिसरी गोष्ट ऊस. तुमच्या रस्त्यावर आणि मंगळवेढ्याच्या रस्त्यावर नोव्हेंबर ते मार्च काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि वर आलेला ऊस बाजूला लोंबतोय. हिवाळ्यात शाळा सुटून घरी येईपर्यंत काळोख पडलेला असतो. यासाठी उंच सीट फार उपयोगी पडते, समोरच्या गाडीच्या पलीकडचं दिसतं. आणि यासाठीच एअरबॅग, एबीएस (म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत), गाडीची मजबुती हे विषय तुमच्यासाठी कागदावरचे नाहीत. थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाचपैकी ४ तारे मिळाले होते.

आता माझा कल कुठे आहे तेही प्रामाणिकपणे सांगते. माझं मन बोलेरोकडे ओढतं. २००० सालापासून ही गाडी आपल्या भागातल्या प्रत्येक गावात आहे. सरळ पाठ, सरळ बॉनेट, पुढचे दोन्ही कोपरे ड्रायव्हरला जागेवरून दिसतात. नवशिक्या माणसाला ही फार मोठी मदत असते. मागे हुरड्याची दोन पोती टाका, शाळेचे तबलाजोडी आणि लेझीम टाका. कुठल्याही तालुक्याच्या गावात तिचा मिस्त्री मिळतो. वडिलांच्या कमांडरची ती नात वाटते मला. पण मी तुमच्यासाठी निवडत असेन तर माझी आठवण मधे आणून चालणार नाही. तिच्यात दोनच एअरबॅग, गिअर हातानेच बदलायचे आणि मागे पाट्यांचे स्प्रिंग, म्हणजे रिकाम्या गाडीत मागे बसलेल्या सासूबाईंना प्रत्येक खड्डा मोजता येईल.

ती फक्त डिझेलमध्ये येते, याचाही विचार करा. २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी जाळी असते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरली तर ती जाळी चोंदते. ती साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. आज तुमचा रस्ता असा आहे की डिझेलला काही होणार नाही, चौपदरीवर ती रोज मोकळी होईल. सात वर्षांनी शाळा थांबली की गाडी भवानी पेठ ते मार्केट यार्ड फिरणार. आयुष्यात एकच गाडी घ्यायची म्हणता, तर निवृत्तीनंतरची वर्षंही तिचीच आहेत. म्हणून मी तुम्हाला पेट्रोल सांगेन.

जुनी जीप घेऊ का, वडिलांसारखी, असा विचार तुमच्या मनात नक्की येऊन गेला असेल. मलाही तुमच्यासाठी तो मोह झाला. पण रोजच्या रस्त्यासाठी नको. १५ वर्षांनी नोंदणी पुन्हा करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, वर पर्यावरण कर. बाजारातल्या बऱ्याच जुन्या जीपचं इंजिन एकाचं, अंग दुसऱ्याचं आणि आरसी बुकात तिसरंच असतं. चासी नंबर जुळला नाही तर विमा मिळवताना घाम फुटतो. आणि त्या गाड्यांना ना एअरबॅग ना एबीएस. रविवारी शेतात फिरवायला ती गोड आहे. तुम्हाला मात्र ती सोमवारीही हवी आहे.

तर हे सगळं एकत्र ठेवून बघितलं आणि मला तुमच्यासाठी जिम्नी बरी वाटली. तुम्ही तिचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून सांगते. २०२३ मध्ये आपल्याकडे आली. लांबी थारइतकीच, पण अंगाने बारीक, म्हणून तुमच्या गल्लीत बसते. मागे स्वतंत्र दारं, म्हणजे सासूबाई आपल्या आपण चढतील. पेट्रोल. सहा एअरबॅग. मुलाचं समाधान करायचं असेल तर ऑटोमॅटिकही मिळते. खाली शिडीसारखी चासी आणि चारही चाकांना जोर देता येतो, म्हणजे ही खऱ्या अर्थाने जीपच्या जातीची गाडी आहे, नुसती जीपसारखी दिसणारी नाही. सीट उंच, काच उभी, बॉनेट सपाट. कमी काय आहे? चौघांचीच गाडी आहे. तुमच्या घरात तिघं आणि दिवाळीला मुलगा, म्हणजे चौघं. मागे सामानाला जागा थोडी आहे, मागची सीट पाडली तरच पोतं मावेल. आणि डिझेलपेक्षा इंधनाला जास्त खर्च येईल, तो वर धरलाय.

चार चाकांच्या जोराबद्दल एक सांगून ठेवते, कारण त्या भरवशावर लोक फसतात. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागेवर घसरते. वडील म्हणायचे, पाऊस पडला की गाडी बांधावरच थांबवायची आणि पुढे चालत जायचं. तुमच्या वडिलांनीही तसंच केलं असेल, आठवून बघा.

तरी माझं ऐकून गाडी घेऊ नका. तिन्ही गाड्या स्वतः चालवून बघा, आणि शोरूमच्या आजूबाजूला एक गोल चक्कर मारून देतात त्यावर समाधान मानू नका. वळसंगपर्यंत नेऊ द्या म्हणावं. सीटवर बसल्यावर क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटवरून उचलली जाते का ते बघा. उचलली जात असेल तर रोज ५२ किलोमीटरला कंबर धरेल. बॉनेटच्या पुढे जमिनीवर शाळेची पाण्याची बाटली ठेवा आणि ती किती पावलं मागे नेल्यावर तुम्हाला दिसते ते मोजा. उंच गाडीच्या अगदी पुढचं काही फूट दिसत नसतं, आणि तुमच्या शाळेच्या मैदानात पहिलीची पोरं असतात. थारमध्ये बसल्यावर मन म्हणालं की हीच, तर फाटकाचे सहा इंच आणि यांचं मागे शिरणं दोन्ही मान्य करून ती घ्या. माझी हरकत नाही. रंग मात्र लाल नको म्हणेन. सोलापूरचा मे महिना, शाळेच्या आवारात सावलीला एक कडुलिंब आणि त्याच्याखाली आधीच मुख्याध्यापकांची गाडी. पांढरी घ्या. आतून रंग दिसत नाही, हे आपलं ठरलंच आहे.

दिवस असे जुळवता येतील बघा. आता लर्निंग काढलं, सहा महिने पैसे बाजूला टाकले, पावसाळा शिकण्यात गेला, दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही गाड्या चालवल्या, तर डिसेंबरात गाडी दारात येईल. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या आधी नंबर प्लेट लागेल. मग जानेवारीतला एक रविवार ठेवा. तिऱ्हे, कामती, बेगमपूरला भीमेचा पूल, माचणूर आणि मंगळवेढा. त्या दिवसांत मालदांडी ज्वारी कणसात आलेली असते, हुरडा अगदी ऐन भरात.

भावाला आदल्या रात्री फोन करा. सकाळी दारात जाऊन हॉर्न वाजवा. तो सवयीने उजवीकडे येईल. तुम्ही डावीकडचं दार उघडून द्या. समोर डॅशबोर्डवर धरायला दांडी असते, तिला धरून बस म्हणावं.

तुमची,
अक्का